ऐझॉलवरची विमानं आणि एक सही

१० ऑगस्ट २०२३ रोजी अविश्वास ठरावावरच्या चर्चेला उत्तर देताना पंतप्रधानांनी लोकसभेत ५ मार्च १९६६ या तारखेचा उल्लेख केला. त्या दिवशी भारतीय हवाई दलानं मिझोराममध्ये आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकले, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री माझ्या दोन-तीन व्हॉट्सॅप गटांवर बराच धुरळा उडाला. वाद दोनच गोष्टींवर चालला होता: हे खरं की खोटं, आणि त्या विमानांत कोण बसलं होतं. दोन्ही बाजूंनी जुनी कात्रणं फेकून झाली, एकमेकांची खानदानं काढून झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फुलांची चित्रं आली.

माझ्या डोक्यात मात्र तिसराच प्रश्न राहिला. बॉम्ब टाकले, ते खरंच आहे. पण ज्यासाठी टाकले ते साधलं का?

हा प्रश्न फक्त इतिहासाचा नाही. कुठेही मोठा हल्ला झाला की आठवडाभर आपण सगळेच युद्धतज्ज्ञ होतो. 'नेमके हल्ले करा, म्होरके टिपा, तळ उडवा, विषय संपवा.' पुलवामानंतर मीही हेच म्हणत होतो, आणि मनापासून म्हणत होतो. म्हणून ऐझॉलची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्वतंत्र भारतानं स्वतःच्या हद्दीतल्या बंडावर लढाऊ विमानं वापरल्याचा हा ठळक प्रसंग आहे, आणि त्या बंडाचा शेवट काय झाला हे आपल्याला माहीत आहे. इतका पूर्ण झालेला हिशेब सहसा मिळत नाही.

सुरुवात उंदरांपासून करावी लागते.

मिझो डोंगरांत माउताक नावाचा बांबू सगळीकडे माजलेला असतो. साधारण ४८ वर्षांनी तो सगळा एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. त्या फळांवर उंदीर पोसले जातात आणि त्यांची संख्या बेसुमार वाढते. फळं संपली की ते झूम शेतीतल्या भातावर तुटून पडतात, आणि एका रात्रीत डोंगरउतारावरचं शेत साफ होतं. या दुष्काळाला मिझो लोक 'माउताम' म्हणतात. १९११-१२ मध्ये तो येऊन गेला होता, त्यामुळे १९५८ मध्ये म्हाताऱ्या माणसांना पुढचं सगळं दिसत होतं. मिझो जिल्हा परिषदेनं तसा ठराव करून आसाम सरकारकडे पंधरा लाख रुपये मागितले. मिझो हिल्स तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. बांबू फुलला म्हणून दुष्काळ येणार, ही शिलाँगमधल्या साहेबांना आदिवासींची समजूत वाटली. पैसे नाकारले गेले. बांबू फुलला, उंदीर आले आणि लोक उपाशी मेले.

त्या दुष्काळात गावोगाव तांदूळ पोचवायला तरुणांची एक संघटना उभी राहिली, तिच्या नावातच दुष्काळ होता: मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. तिचा म्होरक्या लालडेंगा हा भारतीय लष्करात हवालदार म्हणून राहून आलेला आणि नंतर जिल्हा परिषदेत कारकुनी केलेला माणूस. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेनं नावातला 'फॅमिन' गाळला आणि मिझो नॅशनल फ्रंट, म्हणजे एमएनएफ, हा पक्ष झाला. मधल्या काळात आसामनं असमिया ही राजभाषा केली होती, त्यामुळे तेल आयतंच मिळालं. पूर्व पाकिस्तान शेजारीच होता. तिथून शस्त्रंही मिळाली.

तरीही १९६६ च्या सुरुवातीला सगळे मिझो लालडेंगाच्या मागे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. १९६१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २ लाख ६६ हजार होती. एवढ्याशा समाजात मिझो युनियन हा जुना, भारतात राहू म्हणणारा पक्ष जिल्हा परिषदेवर होता. चर्चला हिंसा नको होती. लालडेंगाला बंड करता येत होतं, पण सगळ्यांच्या वतीनं ते करतो आहोत, असं म्हणायला त्याच्यापाशी पुरावा नव्हता.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एमएनएफनं एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले केले. मोहिमेचं नाव बायबलमधलं, 'जेरिको'. ऐझॉलचा सरकारी खजिना लुटला, टेलिफोन बंद पाडले. चम्फाईची आसाम रायफल्सची चौकी पडली. १ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली. ऐझॉलमध्ये आसाम रायफल्सचं मुख्य ठाणं वेढलं गेलं. हेलिकॉप्टरनं कुमक आणि दारूगोळा उतरवायचा प्रयत्न झाला, पण खालून इतका गोळीबार होत होता की उतरता आलं नाही. रस्त्यानं येणारी फौज अजून लांब होती.

मग विमानं आली. तुफानी आणि हंटर जातीची लढाऊ विमानं आसामातल्या तळांवरून उडाली. आधी मशीनगननं मारा झाला, नंतर आग लावणारे बॉम्ब. ऐझॉलचा दॉरपुई बाजार आणि आसपासची वस्ती जळाली. घरं लाकडाची आणि बांबूची, डोंगराच्या धारेवर एकाला एक लागून बांधलेली. एक पेटलं की रांग पेटते. बरेच लोक आधीच गावाबाहेर गेले होते, नाहीतर मेलेल्यांची संख्या फारच मोठी झाली असती. पुढच्या दिवसांत ख्वाझॉल, पुकपुई, ह्नाथियाल अशा इतर गावांवरही मारा झाला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या आठवड्यापुरतं हे यशस्वी झालं. वेढा उठला. काही दिवसांत लष्कर ऐझॉलमध्ये शिरलं, महिना संपेपर्यंत मोठी ठाणी परत हातात आली. ठाण्यातल्या जवानांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर विमानांचा आवाज ऐकून मलाही देव आठवला असता. दिल्लीच्या जागी ठेवून पाहिलं तर इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन सहा आठवडे झाले होते, ताश्कंद होऊन दोन महिने, आणि एका सीमावर्ती जिल्ह्यानं स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या खुर्चीत बसून 'नको' म्हणायला लागणारं बळ माझ्यात असतं, असा माझा दावा नाही.

पण वेढा उठवणं वेगळं आणि बंड मोडणं वेगळं. विमानांनी पहिलं काम केलं आणि दुसरं काम वीस वर्षं लांबवलं, असं माझं मत झालं आहे. ते कसं, हे थोडं सविस्तर सांगतो.

एमएनएफचे लोक विमानं दिसताच जंगलात गेले, कारण त्यांना जाता येत होतं. बाजार, घरं आणि भाताची कोठारं जाऊ शकत नव्हती. राजकारणाशी संबंध नसलेला दुकानदार, मिझो युनियनला मत देणारा शेतकरी, रविवारी चर्चमध्ये शांततेची प्रार्थना करणारी बाई, या सगळ्यांचा 'भारत सरकार' नावाच्या गोष्टीशी इतका जवळून संबंध पहिल्यांदाच आला, तो असा. सगळ्यांच्या वतीनं बोलण्याचा जो पुरावा लालडेंगाकडे नव्हता, तो आभाळातून पडला. त्याला मिझो लोकांत इतकी वर्षं फिरूनही जे जमलं नव्हतं, ते एका दुपारी झालं.

त्यात नकाराची भर पडली. विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती, असं सरकारकडून सांगण्यात आलं. आसाम विधानसभेत डोंगरी भागातल्या दोन आमदारांनी, स्टॅन्ली निकोल्स-रॉय आणि हूव्हर हिन्यिव्टा यांनी, प्रत्यक्ष जाऊन पाहून आल्यावर हा विषय मांडला. तरी अधिकृत कबुली आली नाही. ज्याचं घर जळलं त्याला ते जळलंच नाही असं सांगणं हा दुसरा मार, आणि तो जास्त दिवस दुखतो. मिझोराममध्ये ५ मार्च हा दिवस आजही पाळला जातो.

इथे आपला, मराठी माणसाचा, एक धागा आहे. मार्च १९६६ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. हवाई दल त्यांच्या खात्याखाली होतं. यशवंतरावांबद्दल मराठीत किती तरी लिहिलं गेलं आहे. हिमालयाच्या हाकेला धावलेला सह्याद्री, पासष्टच्या लढाईतले त्यांचे शांतपणे घेतलेले निर्णय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐझॉल मात्र माझ्या वाचनात त्या गोष्टीत कधी आलं नाही. मी यशवंतरावांचा चाहता आहे, त्यामुळे दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या माणसाच्या कारकिर्दीतलं जे दुखरं पान, ते आपण इतक्या सहज ओलांडलं, याचं मला नवल वाटतं. याच धाग्याचं दुसरं टोक वीस वर्षांनी सापडतं. तिथे पुढे येतोच.

बंडखोर जंगलात आणि लोक त्यांना भात देणारे, तेव्हा लष्करापुढे नवा प्रश्न आला: मासे पकडायचे तर तळं आटवायला हवं. इंग्रजांनी मलायात कम्युनिस्टांविरुद्ध वापरलेली पद्धत १९६७ च्या जानेवारीपासून इथे आणली गेली. विखुरलेली गावं उठवून मोठ्या रस्त्यांलगत, कुंपणाच्या आत, लष्कराच्या नजरेखाली एकत्र वसवायची. कागदावर नाव 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं'. पाचशेहून अधिक गावं अशी उठवली गेली. ग्रामीण मिझोरामचा मोठा भाग मूळ जागेवरून हलला. झूम शेती ही घरापासून लांब, दर वर्षी नव्या उतारावर करायची शेती आहे. संध्याकाळी कुंपणाच्या आत परत यायचं तर ती होतच नाही. म्हणजे धान्य सरकारकडून घ्यायचं, आणि स्वतःच्या रानाचा मालक रेशनच्या रांगेत उभा राहायचा.

विजेंद्र सिंह जाफा हे तिथे काम केलेले प्रशासकीय अधिकारी. त्यांनी डार्झो नावाच्या गावाची हकीकत नोंदवली आहे. गाव रिकामं करून जाळायचं होतं. लोकांनी आपल्या घरांना स्वतः आग लावायची नाकारली, तेव्हा ते काम लष्करी अधिकाऱ्याला करावं लागलं. त्यानंतर गावच्या जाणत्या माणसांकडून एका कागदावर सह्या घेतल्या. आम्हाला बंडखोरांपासून संरक्षण हवं होतं, म्हणून आम्हीच गाव सोडून जायची विनंती केली, असा तो कागद. ही हकीकत एका अधिकाऱ्याच्याच तोंडून आली आहे, आणि त्याला ती आयुष्यभर डाचत राहिली हे तिच्यातून कळतं. मार्चमधल्या विमानांशी याचा संबंध नाही असं म्हणता येईल, पण मला तो सरळ दिसतो. विमानांनी बंड आणि लोक एक केले, म्हणून मग त्यांना कुंपण घालून वेगळं करावं लागलं.

आणि एवढं करूनही बंड चालूच राहिलं. सीमेपलीकडे चितगावच्या डोंगरात एमएनएफचे तळ होते. ते गेले १९७१ च्या युद्धात. मेजर जनरल उबान यांच्या हाताखालचं, तिबेटी जवानांचं विशेष दल त्या डोंगरांत उतरलं होतं. पूर्व पाकिस्तान नाहीसा झाला, तसा लालडेंगाचा मोठा आसरा संपला. माझ्या मते बंडाला लष्करी बाजूनं बसलेला खरा तडाखा हाच. तो नेमक्या हल्ल्याचा नव्हता, नकाशा बदलण्याचा होता, आणि असा नकाशा रोज बदलता येत नाही. लालडेंगा स्वतः तेव्हाही निसटला. आराकानमधून तो पुढे पाकिस्तानात पोचला.

बंडखोरांनीही नेमका घाव घालून पाहिला. १३ जानेवारी १९७५ ला एमएनएफचे लोक ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात शिरले आणि पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांनी तिथेच गोळ्या घातल्या. पोलीस दलाचं डोकंच उडवलं म्हणायचं. काय झालं? नव्या नेमणुका झाल्या, बंदोबस्त वाढला आणि सामान्य मिझो माणसाची झडती पूर्वीपेक्षा कडक झाली. सरकार काही मिझोराम सोडून गेलं नाही. म्होरके टिपून समोरचा संपतो, हा भ्रम दोन्ही बाजूंना होता.

मग संपलं कसं? हळूहळू, कंटाळवाण्या रीतीनं. १९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. १९७५ पासून लालडेंगाशी परदेशात संपर्क झाला, १९७६ मध्ये दिल्लीत करार झाला, तो मोडला. १९७९ मध्ये त्याला अटक झाली, नंतर सुटका, पुन्हा बोलणी, पुन्हा फिसकटली. १९८२ मध्ये तो लंडनला गेला. प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट चर्चची मंडळी या सगळ्या काळात दोन्हीकडे निरोप नेत राहिली. १९८४ च्या ऑक्टोबरअखेर तो बोलण्यांसाठी दिल्लीला परतला. इंदिरा गांधींशी भेट ठरली होती ३१ ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी काय झालं ते सर्वांना माहीत आहे. चित्रपटात दाखवलं तर आपण म्हणू की लेखकानं फार ताणलं. पण बोलणी तरीही चालू राहिली.

३० जून १९८६ ला मिझो करारावर सह्या झाल्या. एक सही लालडेंगाची, एक मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांची, आणि तिसरी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची. हेच ते दुसरं टोक. प्रधान महाराष्ट्र केडरचे, राज्याचे मुख्य सचिव राहिलेले, आणि यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते. ३० जून हा प्रधानांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. निवृत्तीच्या दिवशी माणूस टेबलाचे खण रिकामे करतो, हार-नारळ घेतो. या गृहस्थांनी वीस वर्षांचं बंड मिटवलं.

करारानंतर एमएनएफनं शस्त्रं खाली ठेवली. काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहॉला यांनी खुर्ची सोडली, आणि ऑगस्टमध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाला. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं. जमीन, रूढी आणि धर्म यांबाबतचे कायदे विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाहीत, अशी तरतूद घटनेच्या ३७१ जी कलमात आली. पुढच्याच वर्षी आमदार फुटले आणि त्याचं सरकार पडलं. तो जंगलात परत गेला नाही. १९९० मध्ये वारला.

या सगळ्यात माझं लक्ष त्या सहीवर अडकतं. समजा मार्च १९६६ मध्ये विमानांचा नेम आजच्यासारखा अचूक असता. समजा दॉरपुई बाजाराऐवजी फक्त लालडेंगा टिपला गेला असता. आज आपण ज्याला आदर्श हल्ला म्हणू तो असाच: एक माणूस मेला, एकही घर जळलं नाही. तर १९८६ मध्ये सही कोणी केली असती? जंगलातल्या पोरांना 'बंदुका आणून द्या' असं सांगितल्यावर त्यांनी कोणाचं ऐकलं असतं? ज्याच्या शब्दावर लोक बंदूक उचलतात, बहुधा त्याच्याच शब्दावर ती खाली ठेवतात.

शेजारच्या नागा टेकड्यांत हेच उलट्या बाजूनं दिसतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये शिलाँग करार झाला, पण बंडाचा जनक फिझो लंडनमध्ये होता आणि सही करणारे दुसरेच होते. मुइवा, इसाक स्वू आणि खापलांग यांनी तो करार धुडकावला आणि १९८० मध्ये वेगळी संघटना काढली. तो गुंता अजून सुटलेला नाही.

माझ्या मताला अडचणीची उदाहरणं आहेत, ती लपवणार नाही. श्रीलंकेत वाघांचा शेवट बळानंच झाला. पण नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांच्या राजकीय शाखेचा प्रमुख तमिलसेल्वन हवाई हल्ल्यात मारला गेला तेव्हा युद्ध संपलं नाही. वाटाघाटींत दिसणारा चेहरा तेवढा गेला. शेवट झाला मे २००९ मध्ये, सगळं लष्कर लावून, आणि त्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं म्हटलं. त्याला नेमका हल्ला म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण घरचं आहे आणि जास्त अवघड आहे. २१ मे २०२५ ला अबुझमाडमध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला आणि त्यानंतर ती चळवळ झपाट्यानं ढासळली. भीतीनं काम केलं, हे मान्य करायला हवं. तरी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत जे झालं तेही पाहायला हवं. भूपती हा जुना, वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह बंदुका घेऊन आला आणि त्या त्यानं मुख्यमंत्र्यांसमोर खाली ठेवल्या. तो जिवंत होता म्हणून साठ जण त्याच्या मागून आले. त्याआधीच्या एखाद्या चकमकीत तो मेला असता, तर आपण त्यालाही यश म्हटलं असतं.

बांबूकडे परत येतो. १९५८ अधिक ४८ म्हणजे २००६. माउताक ठरल्याप्रमाणे फुलला. या वेळी मिझोरामचे मुख्यमंत्री होते झोरामथांगा, जंगलातल्या वर्षांत लालडेंगाचे सचिव राहिलेले. बांबू फुलला तर दुष्काळ येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. राज्यानं आधीच योजना आखली होती, केंद्राकडून पैसे आणले होते, शेतकऱ्यांना भाताऐवजी उंदीर खाणार नाहीत अशी पिकं घ्यायला सांगितलं होतं. मारलेल्या उंदराची शेपटी दाखवली की सरकार रोख पैसे देत होतं. तरी उंदीर आले आणि शेतं गेली. २००७-०८ साल लोकांना जड गेलं, सरकारवर टीकाही पुष्कळ झाली. २००८ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी झोरामथांगांना पाडलं.